नारूचं वर्ष

हे मी नारू झालेल्यांसाठी लिहितोय. ज्यांना झाला नाही त्यांनी वाचलं तरी बिघडत नाही. फक्त धीराची, हिमतीची गोष्ट वाचायला मिळेल अशी आशा असेल तर आत्ताच बाजूला ठेवा. मी यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत घाबरलेलाच आहे. ज्या दिवसांत लोक मला "काय खंबीर पोरगा आहे!" म्हणत होते, त्या दिवसांत तर सगळ्यात जास्त.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. पायाच्या कातडीखाली दोऱ्यासारखा पांढरा किडा वाढतो, चांगला हात-दीड हात लांब. वर्षभर त्याचा पत्ता लागत नाही. मग एक दिवस घोट्यापाशी फोड येतो, पायाची लाही लाही होते, फोड फुटतो आणि किडा तोंड बाहेर काढतो. त्याला काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून घ्यायचा. आत तुटला तर पाय जायची वेळ येते. बाकीचं डॉक्टरांना विचारा, मला विचारू नका.

नाना आणि फितूर मन

असोद्याच्या पुढे दोन मैलांवर आमचं गाव, केळी आणि कापसाचं. तिथल्या शाळेत मी मास्तर होतो. वय एकवीस. मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, जळगावची एक तालीम जळगाव ते भुसावळ धावण्याची शर्यत लावायची. सोळा मैल. एका वर्षी मी ती बघायला गेलो आणि बघून आलो ते डोक्यात भूत घेऊनच. दुसऱ्या दिवसापासून पळायला लागलो.

त्या तालमीत नाना म्हणून एक वस्ताद होते. दर रविवारी सायकलवर आमच्या गावी यायचे, केळीच्या बागेच्या बांधावर बसायचे आणि मला पळवायचे. पायांबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. "मास्तर, पाय इमानी असतात," म्हणायचे. "मन फितूर असतं. ते आधी दुखण्याला जाऊन मिळतं आणि मग पायांच्या नावानं बोंब मारतं. मनाचं ऐकायचं नाही." मला हे फार पटलं. वहीत लिहून ठेवलं.

मन घट्ट करायचे त्यांचे प्रकार होते. भर उन्हात काळ्या रानातून पळायचं आणि कडुनिंबाची सावली आली की मुद्दाम बाहेरून जायचं. पायात काटा मोडला तर मैल पुरा झाल्याशिवाय वाकायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पाण्याचा. गावाबाहेरच्या पायविहिरीत खालच्या पायरीपर्यंत उतरायचं, ओंजळीनं तोंडभर पाणी घ्यायचं आणि ते न गिळता, न थुंकता दोन मैल पळायचं. घसा कोरडा, तोंडात पाणी, आणि गिळायचं नाही!

मी गिळायचो. पहिल्या उन्हाळ्यात तर रोज. अर्ध्या वाटेवर कोणी बघत नाहीसं पाहून गटकन गिळून टाकायचो आणि रविवारी नानांनी विचारलं की मान डोलवायचो. आमच्या घरी आई हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून पाणी गाळायची, चुकूनही न गाळलेलं घरात येऊ द्यायची नाही. आणि मी विहिरीचं तसंच पोटात घालत होतो. मला काय ठाऊक!

आबांना, म्हणजे वडिलांना, हे सगळं थेर वाटायचं. "मास्तर झाला, अन् कुत्रं मागं लागल्यासारखा पयतो," म्हणायचे. "लोकं हसता. कायले पयतो रे?" कशाला पळत होतो मी? चार लोकांत आपलं नाव व्हावं, एवढंच असेल.

फोड

पुढची आखाजी आठवड्यावर आली होती. माझे सोळा मैल दोनदा पळून झाले होते आणि नानांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला होता. त्याच आठवड्यात उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला फोड आला, बोराएवढा.

मी ओळखला. आमच्या भागात कोण ओळखणार नाही? लहानपणी शेजारच्या एका म्हाताऱ्याला ओट्यावर पाय पसरून बसलेलं पाहिलं होतं, घोट्याला काडी बांधलेली. त्याचा गुडघा पुढे कायमचा वाकडाच राहिला. सरळ सांगतो, रडलो, केळीच्या बागेत जाऊन. नंतर डोळे पुसले आणि मनाशी म्हणालो, हे मन फितूर झालंय. याचं ऐकायचं नाही.

कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, आबांना नाही, नानांना तर नाहीच नाही. त्यांनी शर्यतीतून काढलं असतं.

आग मात्र सोसवेना. चुलीतलं लाकूड कोणी टेकवून धरलंय असं वाटायचं. मग रोज सकाळी पळून आल्यावर मी पायविहिरीत उतरायचो, खालच्या पायरीवर बसून पाय घोट्याच्या वर बुडवायचो आणि तासभर बसायचो. पाय थंड पाण्यात गेला की स्वर्ग! तिसऱ्या दिवशी फोड फुटला आणि पांढरं टोक दिसलं. मी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, एक बारीक काडी सोलून घेतली, टोक तिला गुंडाळलं, वरून फडकं बांधलं. रोज एक-दोन वेढे. आणि रोज विहीर.

त्याच दिवसांत गोदा माहेरी आली. गोदा माझी धाकटी बहीण. त्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं होतं, नेरीच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली, आणि ही तिची लग्नानंतरची पहिली आखाजी. आमच्याकडे आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. गावातल्या सगळ्या पोरी आलेल्या, विहिरीजवळच्या निंबाला झोके बांधलेले, दिवसभर गाणी. झोका खेळून दमल्या की घोळका थेट पायऱ्या उतरून यायचा आणि ओंजळीनं पाणी प्यायचा. घरी जाऊन गाळलेलं पाणी प्यायला कोणाला दम असतो!

एके सकाळी मी पाय बुडवून बसलेलो असताना गोदा एकटीच खाली आली. माझ्यापासून दोन हातांवर वाकून पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाऊ, पायाले काय झालं?"

"काटा लागला," मी म्हणालो.

"एवढा मोठा पयणारा अन् काट्याले भ्यायला!" ती हसली आणि पळत वर गेली. मीही हसलो.

वाघूरचा पूल

शर्यतीच्या दिवशी काडी घोट्याला घट्ट बांधून वर पट्टी गुंडाळली. नानांनी विचारलं तर लचक भरलीय म्हणालो. नानांनी एवढंच म्हटलं, "लचक मनाला भरू देऊ नका."

नशिराबादपर्यंत मी चौथा होतो. पाय भाजत होता, पण मी त्याच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. वाघूर नदीच्या पुलावर चढलो आणि आतून काहीतरी तटकन सुटल्यासारखं झालं. दुखलं नाही. उलट क्षणभर बरंच वाटलं. दहा पावलांनंतर लक्षात आलं. नारू तुटला होता.

तिथंच थांबायला हवं होतं. बाजूला माणसं उभी होती, कोणीही गाडीत घालून नेलं असतं. पण मी वर्षभर न थांबण्याचाच सराव केला होता, दुसरं काही येतच नव्हतं. पळत राहिलो. भुसावळच्या वेशीवर पाचवा आलो, गळ्यात झेंडूचा हार पडला आणि नाना म्हणाले, "याला म्हणतात मन!" मी हार तसाच गळ्यात ठेवून रस्त्याच्या कडेला ओकलो.

दुसऱ्या दिवशी पाय पोटरीपर्यंत सुजला. तिसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत, लाल आणि गरम, आणि अंगात ताप. आईनं फडकं सोडलं आणि काडीला लोंबणारा तुकडा पाहिला. बिचारी ओरडली नाही. तिथंच खाली बसली आणि म्हणाली, "मले सांगितलं का नही रे, बापा?" आबांनी गाडी जुंपली.

दवाखाना

जळगावच्या दवाखान्यात मी पाच आठवडे होतो. डॉक्टर तरुण, कमी बोलणारे. त्यांनी सूज दाबून पाहिली, मांडीपर्यंत हात नेला आणि आबांना म्हणाले, "विषार गुडघ्याच्या वर गेला नाही तर पाय राहील. गेला तर पायापेक्षा जीव महत्त्वाचा." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. आबा माझ्याकडे बघेनात. मला "पाय राहील" एवढंच ऐकू यायला हवं होतं, पण ऐकू आलं ते नेमकं दुसरं.

समोरच्या खाटेवर एका माणसाचा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. नारूनं नव्हे, गाडीखाली आला होता. तो सारखा नसलेल्या पायाची बोटं खाजवायला खाली हात न्यायचा. मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचो.

सकाळी आठला ड्रेसर यायचा. त्याच्या पत्र्याच्या ट्रेचा आवाज व्हरांड्याच्या टोकाला आला की मी उशाशी पंचा चाचपायचो. पू काढायचा, वात भरायची, वरून पोटीस. मी तोंडात पंचा कोंबायचो. नानांचं सगळं शहाणपण पहिल्या दिवशीच हवेत विरलं. मी मोठ्यानं ओरडायचो, आईला हाका मारायचो, एकदा तर ड्रेसरला शिवी दिली. तो म्हणाला, "द्या मास्तर, अजून एक द्या. पाय हलवू नका म्हणजे झालं." भला माणूस. जाताना रोज माझ्या तोंडात खडीसाखरेचा खडा टाकायचा.

ड्रेसिंग झालं की मी पेन्सिलीनं मांडीवर रेघ मारायचो, सूज कुठवर आलीय त्याची. दुपारी बघायचो, संध्याकाळी बघायचो. रेघेच्या वर लाली दिसली की पुन्हा पुन्हा बोट ठेवून बघायचो. नवव्या दिवशी सूज रेघेच्या खाली उतरली आणि आई पदर तोंडाला लावून व्हरांड्यात गेली. तेवढ्यात, हसू नका, त्याच पायाच्या पोटरीवर दुसरा फोड आला. दुसरा नारू!

शेजारच्या खाटेवर साक्रीकडचे आप्पा होते. नारूचेच, तिसऱ्या खेपेचे. त्यांची अहिराणी मला सगळी कळायची नाही, पण बोलायला माणूस बरं वाटायचं. दुसरा फोड पाहून मी तोंड फिरवून रडायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "रडी घे. भीती बठ्ठासले वाटस. माले बी वाटस. पन हात आवर. वढू नको. रोज एक येढा, बस. तो आपला आपला येस."

तो आपला आपला येतो, हे ऐकायला सोपं. ज्याच्या पायात किडा आहे त्याला विचारा. काडी समोर दिसतेय, आत अजून हातभर आहे, आणि हात शिवशिवतात, की ओढून एकदाचा मोकळा होऊ. आप्पांनी मला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला शिकवलं. तसा मी तास-तास बसलो. सोळा मैल पळताना जेवढी ताकद लागली नसेल तेवढी या बसण्याला लागली. आणि हे करताना मला भीती वाटत नव्हती असं एकही मिनिट गेलं नाही. भ्यायचं आणि तरी हात दाबून बसायचं. नानांनी हे कधी शिकवलं नव्हतं, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

माझा तो दुसरा नारू एकोणीस दिवसांत निघाला, अख्खा.

बादली

आता जे सांगायचं आहे ते कागदावर उतरवायला मला तीन वर्षं लागली.

नारूचं तोंड उघडलं की ड्रेसर रोज माझा पाय थंड पाण्याच्या बादलीत बुडवायला लावायचा. त्यानं किडा सैल होतो. पाय काढला की तो बादली उचलून आवाराच्या पार टोकाला न्यायचा आणि तापलेल्या उघड्या जमिनीवर ओतायचा. जवळच मोरी होती, झाडं होती. मला गंमत वाटली. डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी सहज विचारलं, "पाणी झाडाला का घालत नाही हो? एवढ्या उन्हाळ्यात?"

"तिथून वाहत जाऊन आडात उतरलं तर?" डॉक्टर म्हणाले. "फोड पाण्यात गेला की किडा त्यात हजारो पिल्लं सोडतो. पाण्यातल्या बारीक जिवांच्या पोटात ती वाढतात. पंधरा दिवसांनी ते पाणी न गाळता प्यायलं की झालं. पुढच्या वर्षी पिणाऱ्याला नारू." मग नाडी बघता बघता त्यांनी विचारलं, "तुम्ही विहिरीत नाही ना घातला पाय?"

मी म्हणालो, "नाही."

खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, "काटा लागला" निघालं होतं तसंच. डॉक्टर म्हणाले, "चांगलं केलंत. नाहीतर आधी गावात सांगावं लागलं असतं. दुहेरी फडक्यानं गाळलं तर काही होत नाही." आणि पुढे गेले.

मी बोटांवर मोजायला लागलो. पहिल्यांदा पाय बुडवला त्याला सतरा दिवस झाले होते. म्हणजे पाणी आता कुठे बाधायला लागलं असेल. सांगायला वेळ होता. भरपूर वेळ होता.

दुपारी आई आली. मी म्हणालो, "आई, पाणी गाळून पीत जा." ती म्हणाली, "मी कव्हा गाळत नही रे?" झालं. तेवढ्यावर मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी गोदा आली. पहिल्या आखाजीची माहेरवाशीण पाऊस पडेपर्यंत राहतेच. आंब्याचा रस घेऊन आली, माझ्या उशाशी बसून वाटीनं पाजला, गावातल्या गमती सांगितल्या. झोके अजून उतरवले नाहीत, पोरी अजून खेळतात, म्हणाली. मी तिच्याकडे बघत होतो. एक वाक्य पुरे होतं. गोदा, त्या विहिरीचं पाणी पिऊ नकोस, मी त्यात पाय घातलाय. पण मग काटा नव्हता हे कळलं असतं. गावाला कळलं असतं. मास्तरानं विहीर नासवली म्हणाले असते, शाळेतून काढलं असतं, आबांना चावडीवर मान वर करता आली नसती. मी हे सगळं आत घोळवत होतो आणि रस पीत होतो. मग ती उठली, वाटी धुतली आणि गेली.

सोळा मैल पळालेला माणूस मी. एक वाक्य बोलता आलं नाही.

वर्ष

घरी आलो तेव्हा गुडघा अर्धाच वाकत होता. तेल चोळून, रोज थोडं चालून, सहा महिन्यांत बराच मोकळा झाला. मधे एक मुलीकडचे लोक येऊन माझी चाल पाहून गेले आणि परत आले नाहीत. आबा म्हणाले, "जाऊ दे. पाय हाये तेच खूप." त्यांचा आवाज मऊ झाला होता. मला तो सोसवायचा नाही.

शाळेत मी पोरांना पाणी गाळण्याचे धडे दिले. का गाळायचं ते सांगितलं, विहीर कोणी बाधवली ते सांगितलं नाही. लोक कौतुक करायचे, मास्तर आजारातून शिकला म्हणायचे. माझ्या डोक्यात मात्र एकच हिशेब, कोण कोण झोके खेळायला होतं. त्या सगळ्या आपापल्या गावी गेलेल्या, जामनेरकडे, भुसावळकडे, कुठे कुठे. बाजारात एखादी बाई लंगडताना दिसली तरी आधी तिच्या घोट्याकडे बघायचो. थंडी संपली, होळी झाली, ऊन चढायला लागलं तसा माझा घास कमी होत गेला. आईला वाटलं, पाय दुखतोय.

आखाजीच्या आदल्या दिवशी सगळ्या लेकी आल्या. गोदा आली नाही. सणाच्या सकाळी तिच्या गावाकडून आलेल्या कासारानं बांगड्यांची पेटी ओट्यावर उतरवता उतरवता निरोप सांगितला, "तुमच्या गोदाबाई नाही येत. घोट्याला फोड आलाय. अजून फुटला नाही, पण चालवत नाही म्हणे."

आई भाकर थापत होती, तिचा हात थांबला. मी उठलो. आबा म्हणाले, "थांब, गाडीचं पाहतो." पण सणासाठी सगळ्यांच्या गाड्या बाहेर होत्या आणि आमची मिळाली असती तरी पोचायला संध्याकाळ. तोवर फोड फुटणार. आग होणार. आग झाली की ती काय करणार हे मला माहीत होतं. तिच्या गावाला पायविहीरच होती.

मी पळत निघालो.

नेरीची वाट

गावापासून चौदा-पंधरा मैल. वर्षभर पळालो नव्हतो. तिसऱ्या मैलाला गुडघा बोलायला लागला आणि मी थांबलो, चाललो, पुन्हा पळालो. सावली आली की सावलीतून गेलो. एका शेतात मोट चालू होती, तिथं पंचा दुहेरी करून गाळून पाणी प्यायलो. नानांनी पाहिलं असतं तर तोंड फिरवलं असतं. पाय दुखतोय तर दुखतोय म्हणत, भीती वाटतेय तर वाटतेय म्हणत पळालो. वाटेत मोठमोठ्यानं तालीम करत होतो, तिला काय सांगायचं त्याची. गोदा, मी घातला पाय. गोदा, मी घातला पाय. शेतातल्या बाया वर बघायच्या.

गावाजवळ पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरी गेलो नाही, विहिरीकडेच गेलो. गोदा खालच्या पायरीवर बसली होती. पाय घोट्याच्या वर पाण्यात.

तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "अव माय! भाऊ! तू पयत आला? तुझा पाय बरा झाला की रे!"

मी खाली उतरून तिला काखेत धरून वरच्या कोरड्या पायरीवर बसवलं. फोड नुकताच फुटला होता, टोक दिसत होतं. तेवढ्यात तीन बाया हंडे घेऊन खाली यायला लागल्या. मी पायरीवर आडवा उभा राहिलो.

"बाजूला व्हा की, दादा," एक म्हणाली.

"हे पाणी न गाळता नेऊ नका," मी म्हणालो. "पंधरा दिवसांनी हे बाधायला लागेल, पिणाऱ्याला पुढच्या वर्षी नारू होईल. मी हिचा भाऊ. गेल्या आखाजीला मला नारू होता आणि मी आमच्या विहिरीत पाय घातला. ही ते पाणी प्यायली. माझ्यामुळे झालंय हिला. आज हिनं इथं पाय घातलाय, तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

बायांनी हंडे खाली ठेवले. एक जण पाटलाला सांगायला गेली. पुढचं थोडक्यात सांगतो. त्या दिवसापासून त्या गावानं पाऊस पडेपर्यंत घरोघरी दुहेरी फडकं वापरलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथं नारूचा एकही पाय निघाला नाही. सुट्टीभर मी गोदाच्या सासरी राहिलो, रोज एक वेढा फिरवला आणि बाविसाव्या दिवशी तिचा नारू अख्खा निघाला. ती आज माझ्यापेक्षा बरी चालते. आमच्या गावाला मी चावडीवर उभं राहून सगळं सांगितलं. आणखी दोन माहेरवाशिणींना झाला होता. त्यांच्या घरी जाऊन पाया पडलो. एकीनं दार लावून घेतलं.

म्हणून सांगतो. नारू झाला तर पाय विहिरीत घालू नका, आणि घातला असेल तर त्याच दिवशी ओरडून सांगा. भीती वाटेल. वाटू द्या.

त्या दिवशी पायरीवर बाया गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. गोदा तिच्या पायाकडे बघत होती.

"तुले कव्हा कळलं?" तिनं विचारलं.

"दवाखान्यात," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलं. तू रस घेऊन आलीस त्याच्या आदल्या दिवशी."

ती पदरानं पोटरीवरचं पाणी टिपत राहिली. मग म्हणाली, "मी तर तुझ्या उशाशीच बसली व्हती, भाऊ."